मानकाठीची तीन कडी

"जो जितका वाकेल, तितकी त्याची पोस्त."

फार फार वर्षांपूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात हा नियम होता. नियम कुणी केला, कधी केला, कशासाठी केला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं म्हणूनच तो फार जुना आणि फार शहाणा असणार, असं सगळे धरून चालत.

पोस्त म्हणजे दिवाळीची खुशीची भेट. वर्षभर गावासाठी राबणाऱ्यांना पाडव्याच्या सकाळी चावडीवर बोलावून पाच पंच ती द्यायचे. कुणाला पानभर फराळ, कुणाला धोतर नाहीतर लुगडं, कुणाला थेट नवी घोंगडी. कुणाला काय द्यायचं याचा घोळ होऊ नये म्हणून चावडीत एक काठी होती. पुरुषभर उंच, आणि तिला पितळेची तीन कडी बसवलेली. पहिलं कडं खांद्याशी, दुसरं छातीशी, तिसरं कमरेशी.

काठीशेजारी उभं राहायचं आणि पंचांना वाकून नमस्कार करायचा. कपाळ पहिल्या कड्यापर्यंत आलं तर फराळ, दुसऱ्यापर्यंत गेलं तर कपडा, तिसऱ्यापर्यंत गेलं तर घोंगडी. मग त्या माणसानं वर्षभर विहिरी उपसल्या की माश्या मारल्या, हे विचारायचं कारणच उरत नसे.

काठीचं नाव मानकाठी. "मान जितकी खाली, तितका मान वर!" असं थोरले पंच दरवर्षी म्हणत, आणि उरलेले चौघे दरवर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसत.

ही काठी धरायचा हक्क एका घराकडे होता. त्या घरातल्या म्हाताऱ्याचे गुडघे यंदा दिवाळीच्या तोंडावर सुजले. त्याला मुलगा नव्हता. मुलगी होती. तिचं नाव ठकू.

ठकूबद्दल गावात एकमत होतं. पोर हुशार आहे, पण तोंडाला झाकण नाही.

"काठी सरळ धरायची," म्हाताऱ्यानं खाटेवरून तिला बजावलं. "कपाळ कुठवर आलं ते मोठ्यानं सांगायचं. बाकी काही बोलायचं नाही. आणि असं का, हे तर कधीच विचारायचं नाही."

"का?"

"हे बघ, लगेच विचारलंस!"

"पण आबा, वाकण्याचा आणि पोस्तीचा संबंध काय?"

"माझ्या आज्यानं काठी धरली, बापानं धरली, मी धरली. आमच्यापैकी कुणी विचारलं नाही."

"म्हणजे तीन पिढ्या गप्प बसल्या. आणि हे तुम्ही मला छाती फुगवून सांगताय?"

म्हाताऱ्यानं भिंतीकडे तोंड केलं. उत्तर सुचलं नाही की थोरांचे गुडघे जास्त दुखतात, हे ठकूला लहानपणापासून माहीत होतं.

पाडव्याची सकाळ झाली. चावडीपुढे रांगोळ्या होत्या. समोरच्या दगडी हौदात गोमुखातून पाणी पडत होतं. डोंगराच्या पोटातल्या झऱ्यापासून हौदापर्यंत एक भुयारी नहर होती. ती पूर्वजांनी खोदली होती, आणि अख्खं गाव तिचंच पाणी पीत असे.

पाच पंच पाच तक्क्यांना टेकून बसले. शेजारी घोंगड्यांची चळत होती. ठकू काठी घेऊन उभी राहिली.

"मुलगी धरणार मानकाठी?" एक पंच कुरकुरला.

"काठी धरायला लागतंय काय," थोरले पंच म्हणाले. "गप्प उभं राहता आलं की झालं."

"तेवढंच तर हिला येत नाही," तिसऱ्यानं सांगितलं.

पहिला आला पंचांचा छत्रीवाला. पाऊस आला तर पंचांच्या डोक्यावर छत्री धरायची, एवढंच त्याचं काम. यंदा पाऊस बेताचाच झाला होता. तो काठीजवळ आला आणि असा काही वाकला, की तिन्ही कडी ओलांडून त्याचं कपाळ थेट रांगोळीला लागलं. उठला तेव्हा कपाळावर रांगोळीतला मोर उमटला होता.

"वा!" पंच म्हणाले. "याला म्हणतात वळण!"

छत्रीवाल्याला घोंगडी मिळाली. त्याच्या घरी आधीच्या अकरा होत्या. त्यातल्या दोन तो म्हशीवर घालायचा.

मग आली गावची सुईण. सत्तरी गाठलेली, पाठीचा कणा काठीसारखा ताठ झालेला. तिनं हात जोडले आणि मान जेमतेम हलवली.

"पहिलं कडं," ठकूनं पुकारलं.

"पहिलंसुद्धा नाही," धाकटा पंच म्हणाला. "जरा वाक की म्हातारे. पंचांपुढे डोकं खाली घालायला काय झालं?"

सुईणीनं त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "मला शिकवतोस व्हय रे? तू तर माझ्यापुढं डोकं खाली घालूनच आला होतास. तेबी उघडाच!"

चावडीबाहेर हशा पिकला. धाकट्या पंचाचे कान लाल झाले. सुईणीला अर्धं पान फराळ मिळाला. करंजी त्यातून काढून घेतली.

ठकूच्या हातात काठी होती म्हणून बरं. नाहीतर तिनं ते पान उचलून कुणाच्या तरी पागोट्यावर ठेवलं असतं.

सगळ्यांत शेवटी हैबतीबाबा आला. हैबतीबाबा म्हणजे नहरीतला गाळ काढणारा. डोंगरातल्या झाडांची मुळं भुयारात उतरतात, पावसाबरोबर माती येते आणि पाणी तुंबतं. महिन्यातून दोनदा तो आत शिरायचा, मुळं तोडायचा, टोपलीनं गाळ बाहेर आणायचा. असं त्यानं चाळीस वर्षं केलं होतं. त्या चाळीस वर्षांनी त्याची पाठ कमानीसारखी वाकली होती आणि आता ती सरळ होत नव्हती. त्याच्या अंगावर घोंगडीचा एक तुकडा होता. त्यातून पलीकडचा हौद दिसत होता.

तो काठीशी येऊन नुसता उभा राहिला. कपाळ बरोबर कमरेशी होतं.

"तिसरं कडं!" ठकू आनंदानं ओरडली आणि तिनं चळतीवरची घोंगडी उचललीसुद्धा.

"थांब," थोरले पंच म्हणाले. "तो वाकलाच नाही अजून."

"कपाळ तिसऱ्या कड्याशी आहे, काका. बघा ना."

"आहे. पण आलेलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे असं," थोरल्यांनी पाय पसरत समजावलं. "वाकणं वेगळं आणि वाकलेलं असणं वेगळं. हा इथे वाकलेलाच आला. यात आम्हाला कुठे नमस्कार आहे? त्यानं आधी सरळ व्हावं, मग वाकावं. जेवढं वाकेल, तेवढं धरू."

"त्याला सरळ होता येत नाही!"

"मग आमचा इलाज नाही. नियम नियम आहे."

ठकूनं हैबतीबाबाकडे पाहिलं. तो हसत होता. हे तो दरवर्षी ऐकत असणार.

"आता ह्याच्याहून खाली वाकायचं तर भुईत शिरावं लागंल, मालक," तो म्हणाला. "अन् तिथं तर मी नेहमीचाच हाय." मग हळूच म्हणाला, "यंदा तेवढी घोंगडी दिली असती तर बरं झालं असतं. आता थंडी सोसत न्हाई. हिवाळ्यात आत उतरणं व्हायचं न्हाई माझ्यानं."

"पुढल्या वर्षी नीट वाकायची सवय करून ये," धाकटा पंच म्हणाला.

हैबतीबाबाला दोन चकल्या मिळाल्या. त्यानं त्या धोतराच्या सोग्यात बांधल्या आणि तो गेला. ठकूच्या हातातली घोंगडी काढून घेऊन पुन्हा चळतीवर ठेवण्यात आली.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. गावोगावचे भाऊ आलेले. घरोघर पाटाभोवती रांगोळ्या आणि आंघोळीच्या पाण्यासाठी पेटलेल्या चुली. पाणी आणायला बायका हौदावर गेल्या. गोमुखातून दोन थेंब पडले, एक बुडबुडा आला, आणि गोमुख कोरडं पडलं.

पंच धावत चावडीवर आले. धावत म्हणजे त्यांच्या मानानं.

"ठके, काठी घे आणि जा," बोलावून आणलेल्या ठकूला थोरले म्हणाले. "हैबतीला सांग, चावडीचा हुकूम आहे. आत्ताच्या आत्ता नहर मोकळी कर."

ठकू गेली. हैबतीबाबा चुलीशी अंगाचं मुटकुळं करून बसला होता. त्याचे दात वाजत होते.

"मी न्हाई म्हनत न्हाई, पोरी," तो म्हणाला. "पर झऱ्यापाशी पाणी कसं असतंय, तुला ठावं न्हाई. मागल्या साली भाईर आलो तर आठ दिस बोलता येत नव्हतं. आता असा उघडा गेलो तर आतच ऱ्हाईन. मग मला काढायला कोन वाकंल?"

उत्तर नसलं की ठकू भिंतीकडे तोंड करत नसे. ती म्हणाली, "मी बघून येते कुठे तुंबलंय ते. तुम्ही नुसतं तोंडाशी चला."

नहरीच्या तोंडाशी आल्यावर हैबतीबाबाचं लक्ष काठीकडे गेलं. त्यानं तिच्यावरून हात फिरवला, घरच्या जुन्या गाईवरून फिरवावा तसा.

"ही मापकाठी इकडं कशी आणलीस?"

"मापकाठी नाही बाबा. मानकाठी."

"चावडीवर गेल्यावर ती मान झाली असंल. माझा आजा हिला मापकाठीच म्हनायचा. ने आत. बुडाशी टेकवत जा."

ठकू आत शिरली. तोंडाशीच तिला मान खाली घालावी लागली. गोमुखापर्यंत न पोचता बुडाशी साचलेल्या पाण्यातून पाय टाकत ती थोडं पुढे गेली तेव्हा वरून उजेड आला. नहरीला वर उघडणारी तीन भोकं होती. त्यांना उसासे म्हणतात. पाण्याला आणि आतल्या माणसाला दम खाता यावा म्हणून ती ठेवलेली असतात.

पहिल्या उसाशाखाली ठकूनं काठी उभी केली. काठीचा शेंडा भोकात गेला आणि भुयाराचं छत काठीला येऊन मिळालं. बरोबर पहिल्या कड्याशी.

ती चमकली. भरभर पुढे गेली. छत खाली आलं, पाणी मांड्यांपर्यंत चढलं, परकर भिजून पायांना चिकटला. दुसऱ्या उसाशाखाली तिनं काठी उभी केली. छत दुसऱ्या कड्याशी.

तिसरा उसासा झऱ्याजवळ होता. तिथे तिला दुमडून चालावं लागलं. पाणी इतकं गार होतं की पाय आपलेच आहेत की कुणाचे, हे कळेना. तिनं काठी टेकवली. वर बघायचीही गरज नव्हती. छत तिसऱ्या कड्याशी होतं, कमरेएवढं.

ठकू तिथेच उभी राहिली. उभी कसली, वाकून थबकली. आणि तिला सगळं उलगडलं.

पहिल्या उसाशापर्यंत येणारा तासाभरात घरी जातो, त्याला भूक लागते. म्हणून फराळ. दुसऱ्यापर्यंत येणाऱ्याचे कपडे भिजतात. म्हणून धोतर, म्हणून लुगडं. आणि इथवर येणारा गारठतो. म्हणून घोंगडी.

जो जितका वाकेल, तितकी त्याची पोस्त. पूर्वजांनी अगदी साधी गोष्ट सांगितली होती. गावासाठी जो जितका खोल शिरेल, तितकं त्याला द्या. पुढे भुयारात उतरणारे कमी झाले, तक्क्याला टेकणारे वाढले, काठी गारठ्यातून उठून चावडीत गेली आणि मापाची मान झाली. गंमत म्हणजे कुणी लबाडी केली नव्हती. फक्त, असं का, हे कुणी विचारलं नव्हतं.

समोर मुळांचा मोठा गुंता पाण्याला आडवा आला होता. ठकूनं दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. एक मूळ तुटलं, दहा तशीच राहिली. हे तिचं काम नव्हतं. त्याला चाळीस वर्षांचे हात लागत होते.

ती बाहेर आली आणि तडक चावडीकडे निघाली. पाठ अशी धरली होती की सरळ होता येईना. काठी टेकत, वाकलेल्या अंगानं, चिखलानं माखलेली ती चावडीच्या पायऱ्या चढली.

"बघा बघा!" थोरले पंच खूश झाले. "शेवटी वाकली पोर! काठी हातात आली की आपोआप वळण लागतं."

"मी वाकले नाही, काका," ठकू म्हणाली. "वाकलेली आहे. फरक तुम्हीच शिकवलात काल."

मग तिनं तिन्ही उसाशांचं सांगितलं. एक, दोन, तीन. कडं आणि छत. फराळ, कपडा आणि घोंगडी. बाहेर रिकामे हंडे घेऊन बायका उभ्या होत्या. त्या पुढे सरकल्या. सुईणीनं हंडा खाली ठेवला आणि कानामागे हात धरून ऐकू लागली.

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं.

"असेलही," दुसरे पंच म्हणाले. "पण जुन्या गोष्टी उकरून काय मिळतं?"

"आणि हे तू आम्हाला सांगावंस?" धाकटा म्हणाला. "आमचे केस काय उन्हानं पांढरे झाले?"

"ते मला काय माहीत?" ठकू म्हणाली. "पण भुयारात तरी झाले नाहीत."

"पुरे!" थोरल्यांनी हात वर केला. "वाद नको, सण आहे. आपण मोठ्या मनाचे आहोत. हैबतीला बोलाव. थोडं सरळ होऊ दे, थोडं वाकू दे, आपण डोळेझाक करू आणि घोंगडी देऊन टाकू. धर काठी."

ठकूनं काठी धरली. जमिनीवर टेकवली. दोन्ही हात काठीवर ठेवून, दात आवळून, ती हळूहळू सरळ झाली. पाठीचा एकेक मणका कडकडला, आणि तो आवाज पाचही पंचांना ऐकू गेला.

"नाही," ती म्हणाली.

"काय?"

"मी चावडीवर काठी धरणार नाही. आज नाही, पुढच्या पाडव्यालाही नाही. माझ्या घरचा हक्क काढून घ्यायचा तर घ्या. आबांना मी सांगेन. ही काठी आजपासून नहरीच्या तोंडाशी राहील. हैबतीबाबा किती वाकतात ते बघायचं असेल तर तिथे या आणि आत शिरा. ही आजी किती वाकते ते बघायचं असेल तर बाळंतिणीच्या खाटेशी जाऊन उभे राहा, ती येऊ देईल तर. तक्क्याला टेकून दुसऱ्याची पाठ मोजता येत नाही. आणि घोंगडी नको असेल द्यायला, तर देऊ नका. ती चळत उचला, तुम्ही पाचही जण अंगावर घ्या आणि जा आत मुळं तोडायला. मी वाट दाखवते."

थोरल्या पंचांनी तोंड उघडलं. नियम नियम आहे, असं म्हणायचं होतं त्यांना. पण कुठला नियम, ते आता आठवेना. त्यांनी तोंड मिटलं. दुसऱ्यांनी तिसऱ्यांकडे पाहिलं, तिसऱ्यांनी चौथ्यांकडे. धाकट्यानं सुईणीकडे पाहिलं आणि लगेच खाली.

ठकू काठी घेऊन पायऱ्या उतरली. बायकांनी तिला वाट दिली.

त्या चावडीनं इतकी वर्षं इतकं ऐकलं होतं, पण पाच थोरांचं एकाच वेळी गप्प बसणं तिनं कधी ऐकलं नव्हतं. त्या शांततेत समोरच्या कोरड्या गोमुखानं एकदा घरघर केली.

ती घरघर ऐकून थोरले पंच उठले. चळतीवरची सगळ्यांत जाड घोंगडी त्यांनी उचलली, आणि एक अक्षर न बोलता ते नहरीकडे चालू लागले. हैबतीबाबा नहरीच्या तोंडाशी आतल्या कट्ट्यावर बसला होता. त्याच्या खांद्यावर घोंगडी घालायची तर आत शिरायला हवं होतं. छत खांद्याएवढं होतं. थोरल्यांचं पागोटं छताला अडकून पाण्यात पडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते कुणापुढे तरी वाकले. बरोबर पहिल्या कड्याइतके.

त्या दुपारी घोंगडी पांघरलेला हैबतीबाबा पुढे आणि गावातले चार तरणे गडी मागे, असे आत गेले. भाऊबिजेच्या आंघोळी संध्याकाळी झाल्या. तेव्हापासून त्या गावात पोस्त चावडीवर वाटली जात नाही. ती जिथलं काम तिथे नेऊन देतात. छत्रीवाल्याची बारावी घोंगडी शेवटची ठरली.

बोध: जो आपल्यापुढे वाकतो त्याला नव्हे, जो आपल्यासाठी वाकतो त्याला द्यावं.